बुटकी माणसे खरेच जास्त जगतात का?

प्रश्न : माझी उंची सहा फुटांहून अधिक आहे. ठेंगण्या माणसांना दीर्घायुष्य लाभते हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे नुकतेच वाचले. यात तथ्य किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तथ्य थोडे आहे, पण ‘सिद्ध झाले’ म्हणण्याजोगे काही नाही. सार्डिनिया बेटावरील व्हिलाग्रांदे गावात, लष्करभरतीच्या वेळी ज्यांची उंची सुमारे १६१ सेंटीमीटरहून कमी भरली होती, ते पुरुष सत्तरीनंतर उंच पुरुषांपेक्षा साधारण दोन वर्षे अधिक जगले, असा २०१२ चा एक अभ्यास आहे. उंची तरुणपणीच मोजलेली होती, ही त्याची जमेची बाजू. मात्र एका डोंगरी गावावरून साऱ्या मानवजातीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या पाहणीत नेमके उलटे दिसले. दर साडेसहा सेंटीमीटर वाढीव उंचीमागे हृदयविकार व पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे ६ टक्क्यांनी कमी आणि कर्करोगाने होणारे सुमारे ४ टक्क्यांनी अधिक होते. एकूण हिशेबात उंच माणसे किंचित फायद्यातच राहिली.

शंभरी गाठलेली बहुतेक माणसे लहानखुरी दिसतात, हा पुरावा तर अगदीच तकलादू आहे. वयाबरोबर मणक्यांमधील चकत्या दबतात, पाठीला बाक येतो आणि उंची घटते. शिवाय अनेक देशांत त्या पिढीची सरासरी उंचीच आजच्यापेक्षा कमी होती. लहान चणीची कुत्री मोठ्या जातींच्या कुत्र्यांपेक्षा अधिक जगतात हे खरे, पण तो नियम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम या आनुवंशिक विकारामुळे अतिशय ठेंगणी राहिलेली काही कुटुंबे आहेत. त्यांच्यात कर्करोग जवळजवळ आढळत नाही, तरीही ती माणसे इतरांपेक्षा जास्त जगत नाहीत.

मुळात उंची ही जनुकांबरोबरच बालपणीच्या आहाराची आणि आजारपणांचीही खूण असते, त्यामुळे आयुर्मानातील फरक उंचीचा की त्या परिस्थितीचा, हे वेगळे काढणे फार अवघड जाते. विसाव्या शतकात जपानी लोकांची उंची वाढली आणि आयुर्मानही वाढले.

आपल्या सहा फुटांची चिंता आपण करू नये. मात्र उतारवयात ही उंची तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरहून अधिक घटलेली दिसली, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी अवश्य करून घ्यावी.