32 पानं लिहिली, तरी पेपर का गेला?

पत्र: मी सांगोला तालुक्यातली, एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी पाण्याच्या पाळीवरून चुलत्यांशी तीन वर्षं बोलणं नाही. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा सात आठवड्यांवर आली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा मागचा पेपर 4 गुणांनी राहिलाय, तोही आताच द्यायचाय. त्या पेपरात पुरवण्यांसकट 32 पानं लिहिली होती. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, ती सोबत जोडते. मैत्रिणीने माझ्या निम्मंही लिहिलं नव्हतं, तिला फर्स्ट क्लास. मी मराठीतून लिहिते म्हणून गुण जातात का? कलमं जुनी लिहायची की नवी? बाबा म्हणतात, पास झालीस की न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी पुण्यात क्लास लावू. मला मात्र वाटायला लागलंय की कायदा माझ्यासाठी नाहीच.

उत्तर:

तुझी झेरॉक्स मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. तुला कायदा येत नाही, असं एकाही पानावर दिसलं नाही. 32 पानं लिहिणाऱ्या मुलीची मेहनत कमी पडली असंही मी म्हणणार नाही. पण तुझा चौथा प्रश्न बघ. 12 पैकी 3 गुण मिळालेत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

प्रश्न असा होता: अ आणि ब हे भाऊ. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. ब ने अ च्या मोटारीची केबल काढून टाकली. अ ची डाळिंबाची बाग फुलोऱ्यात आहे. अ ने दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मागितला. मिळेल का?

तू काय लिहिलंस? मनाईहुकूम म्हणजे काय, त्याचे प्रकार, विशिष्ट साहाय्य कायदा 1963 ची कलमं 36 ते 38, मग दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर 39 चे नियम ओळीने. अडीच पानं, अक्षर सुरेख, एकही चूक नाही. पण त्या अडीच पानांत 'विहीर' हा शब्द एकदाही आलेला नाही. डाळिंब नाही, केबल नाही, ब सुद्धा नाही. परीक्षकाने पाण्याचं भांडण तुझ्यापुढे ठेवलं आणि तू त्याला पुस्तक वाचून दाखवलंस. तूच पत्रात लिहिलंयस की चुलत्यांबरोबर पाळीवरून तुमच्या घरात तीन वर्षं बोलणं नाही. हा प्रश्न वर्गात तुझ्याइतका कुणाला कळला असेल, असं मला वाटत नाही. म्हणून मला ते अडीच पानांचं उत्तर वाचून फार हळहळ वाटली.

आता हेच उत्तर कसं लिहायचं ते सांगते. मी तालुका कोर्टात अकरा वर्षं वकिली केली. आपल्याकडे मनाईच्या अर्जाला सगळे 'निशाणी 5' म्हणतात, तू ऐकलंच असशील. त्या अर्जावरचा आदेश कधी नीट वाचलायस? आधी चार ओळींत हकीकत. मग मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर निष्कर्ष: होय किंवा नाही. त्याखाली कारणं. शेवटी आदेश. परीक्षेतल्या समस्येचं उत्तर अगदी याच घडणीत लिहायचं.

मुद्दे तीनच, आणि ते तुला पाठ आहेत. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान. दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही कसोट्या नीट मांडल्या आहेत, तो एका ओळीत नोंदव. पण खरं काम त्यानंतरचं. पहिल्या मुद्द्यात लिही की विहिरीवर अ चा हिस्सा दिसतो का. सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद, मोटारीचं वीजबिल, ठरलेली पाळी, असा पुरावा दिला तर प्रथमदर्शनी केस उभी राहते. दुसऱ्यात, मनाई दिली तर ब चं काय जातं? त्याची पाळी त्याच्याकडेच राहते. नाकारली तर अ ची बाग वाळते. तिसऱ्या मुद्द्यावर थांब, कारण गुण इथे आहेत. ब चा वकील उभा राहून म्हणेल, पिकाचं नुकसान पैशात मोजता येतं, मनाई कशाला? त्याला उत्तर दे. यंदाचा बहार पैशात मोजता येईल, पण झाडंच वाळली तर पुन्हा लावून फळाला येईपर्यंत वर्षं जातात. समोरच्याचं म्हणणं स्वतःच मांडून खोडलेलं दिसलं की तपासणाऱ्याचा हात सैल होतो. मी बरीच वर्षं पेपर तपासले आहेत, हे अनुभवाने सांगते. आणि एवढं सगळं दोन पानांत बसतं.

निकालांचंही तेच. नानावटी खटल्यावर मुलं दोन-दोन पानं गोष्ट लिहितात. त्या गोष्टीतला कायद्याच्या कामाचा भाग कोणता? पत्नीने दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आणि मग त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. मध्ये सुमारे तीन तास गेले. राग शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, म्हणून 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' हा बचाव 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. एवढं पुरतं. तुझ्या प्रश्नातल्या आरोपीने किती वेळाने वार केला ते त्या तीन तासांशी ताडून बघ.

जुन्या-नव्या कलमांचा घोळ फक्त फौजदारीपुरता आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 चीच आहे, तिथे काही बदललेलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या भारतीय दंड संहितेतलं खुनाच्या शिक्षेचं कलम 302 आता न्याय संहितेत 103 झालं. प्रक्षोभाचा अपवाद कलम 300 मधून 101 मध्ये आला, तत्त्व तेच राहिलं. तुझ्या अभ्यासक्रमात जे छापलंय ते धर, नवं कलम लिही आणि शेजारी जुनं. मात्र प्रश्नात गुन्ह्याची तारीख दिली असेल तर ती आधी बघ. 1 जुलै 2024 च्या आधीचा गुन्हा असेल तर तिथे जुनंच कलम लागतं.

मराठीचं म्हणशील, तर मराठीमुळे तुझे गुण गेलेले नाहीत. एका ठिकाणी मात्र गेलेत. गाइडमधलं भाषांतर तू जसंच्या तसं उतरवलंस आणि ते वाक्य तुलाही कळलेलं नव्हतं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. 'वादपत्र', 'कैफियत', 'हुकूमनामा' हे कोर्टात रोज चालणारे शब्द बिनधास्त वापर. 'रेस ज्युडिकाटा'ला (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही, हे तत्त्व) जड मराठी शब्द शोधत बसू नकोस, तसंच लिही आणि पुढे एका वाक्यात अर्थ दे.

सात आठवडे पुष्कळ आहेत. गाइड कपाटात ठेव, बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या मूळ कलमांचं पुस्तक, घे. रोज दोन समस्या, हाताने, घड्याळ लावून. मोबाइलवर वाचलेलं परीक्षेत हातातून उतरत नाही. आणि मूट कोर्टच्या (सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टाच्या) पेपरातल्या खटला-निरीक्षणाच्या 30 गुणांसाठी सीनियरचं जर्नल उतरवून काढू नकोस. तालुक्याच्या कोर्टात दोन दिवस मागच्या बाकावर जाऊन बस, निशाणी 5 वरचा युक्तिवाद ऐक. दिवाणी प्रक्रियेची तयारी त्यातच होऊन जाईल.

बाबांना एक गोष्ट शांतपणे सांग. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती तीन वर्षं बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायची, तीही निकाल लागल्याबरोबर. नोंदणीची फी खुल्या प्रवर्गाला 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय. कुणी वर मागितले तर पावती मागून विचार. मग वकिली चालू ठेवण्यासाठी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा आहे: 100 वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बेअर अ‍ॅक्टशी आत्ता दोस्ती झाली तर तिचं वेगळं ओझं वाटणार नाही. आणि ती तीन वर्षं कुणा चांगल्या दिवाणी वकिलाकडे काढ. पंढरपूर, सोलापूर, कुठेही चालेल, पण फाइल तुझ्या हातात देणारा वकील शोध.

कायदा तुझ्यासाठी आहे की नाही, हे त्या 4 गुणांवरून ठरवू नकोस. दिवाणी प्रक्रियेत मीही पहिल्या खेपेला नापास झाले होते, आणि पुढे अकरा वर्षं तेच माझ्या रोजच्या कामाचं पुस्तक होतं.

येत्या रविवारपर्यंत विहिरीच्या त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिहून मला पाठव. दोन पानांच्या आत, वेळ वीस मिनिटं. यावेळी ब च्या बाजूने लिही.