स्वेटर विणून झाला आणि मग चूक दिसली? सगळं उसवायच्या आधी हे वाचा

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच जातीचे आहेत. काम पूर्ण झालं, टाके बंद केले, शिवून झालं, धुवून पसरला आणि तेव्हा चूक दिसली. आणि जवळजवळ प्रत्येकीने शेवटी हेच विचारलंय की आता सगळं उसवावं लागेल का. बहुतेक वेळा नाही लागत. विणकामात प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून वर आलेला असतो आणि शेजारच्या टाक्याशी त्याच एका धाग्याने जोडलेला असतो, एवढं एक नीट डोळ्यांपुढे असलं की चूक जिथे आहे तिथल्या तिथे सोडवता येते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे दिवसाउजेडी बसून धागा कुठून येतो आणि कुठे जातो ते बघणं. आता एकेक प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, भाच्यासाठी स्वेटर विणला, धुतल्यावर पाठीवर एक टाका सुटलेला दिसला. त्याच्या वर चार-पाच आडवे धागे शिडीसारखे दिसतायत. ओढलं तर अजून खाली जाईल अशी भीती वाटते. काय करू?

भीती बरोबर आहे, म्हणून सगळ्यात आधी त्या सुटलेल्या फाशात, म्हणजे टाक्याच्या मोकळ्या वळशात, सेफ्टी पिन अडकवा. बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल, पण पिन आत्ता लावा. खरखरीत लोकर असेल तर टाका जागेवर थोडा तरी धरून राहतो, पण कॉटन किंवा गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक असेल तर एका ताणात दहा ओळी खाली घसरतो.

आता ती शिडी. तुम्हाला जे आडवे धागे दिसतायत ती प्रत्येक पायरी म्हणजे एक ओळ, म्हणजे तिथे एक टाका असायला हवा होता. स्वेटर सुलट बाजूने समोर ठेवा, क्रोशाची सुई पुढून त्या फाशात घाला, फाशाच्या लगेच वरचा आडवा धागा पकडा आणि फाशातून ओढून पुढे आणा. झाला एक टाका. मग त्याच्या वरचा धागा, मग त्याच्या वरचा. क्रम चुकवू नका, मधली एखादी पायरी राहिली तर ती मागे सैल लोंबत राहते आणि पुन्हा सगळं सोडवावं लागतं. फाशाचे दोन पाय एकमेकांवर चढलेले नाहीत ना हेही बघा, नाहीतर तो एकच टाका पिळलेला दिसतो. उलट टाक्यांचा भाग असेल तर स्वेटर पालथा करून मागून हेच करायचं.

धुतल्यानंतर शिडीतली सैल लोकर शेजारच्या टाक्यांनी ओढून घेतलेली असते त्यामुळे पायऱ्या तंग वाटतात. बारीक क्रोशा वापरा, जमतं.

आणि आता मुख्य गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पायऱ्या संपल्यावर तो फासा हातात तसाच राहतो, कारण टाका मुळात सुईवरून जिथे पडला ती ही जागा, त्याच्या वरच्या सगळ्या ओळींत एक टाका कमीच आहे, तिथे त्याला वर जायला वाटच नाही. मग त्याच लोकरीचा वीतभर तुकडा घ्या, बोथट टोकाच्या जाड सुईत ओवा, फाशातून काढा, दोन्ही टोकं मागच्या बाजूला नेऊन दोन वेगवेगळ्या दिशांना शेजारच्या टाक्यांत विणून टाका. पुढून तिथे जोडटाका, म्हणजे दोन टाके एकत्र विणून एक केल्यासारखं दिसतं आणि तो फासा पुन्हा हलत नाही.

प्रश्न: छातीवर अगदी मधोमध सुलटच्या जागी एक उलट टाका पडलाय. बाकी सगळं साधं सुलट आहे त्यामुळे तो टिकलीसारखा दिसतो. तीस ओळी खाली आहे, गळा पण करून झालाय.

सुया अजून आत असत्या तर मी तुम्हाला तेवढा एक उभा टाका खालपर्यंत सोडून क्रोशाने परत वर आणायला सांगितलं असतं. गळा झालाय तर त्याच्या वाटेला जाऊ नका. डुप्लिकेट स्टिच करा, म्हणजे जो टाका दिसायला हवा होता तो त्याच लोकरीने वरून सुईने काढायचा. सुलट टाका इंग्रजी व्ही सारखा दिसतो ना, तर त्या व्हीच्या खालच्या टोकातून सुई मागून पुढे काढा, मग वरच्या टाक्याचे जे दोन पाय आहेत त्यांच्या मागून उजवीकडून डावीकडे सुई न्या, आणि परत खालच्या त्याच टोकात घालून मागे न्या. आडवी गाठ त्याच्याखाली झाकली जाते. ओढू नका, धागा नुसता टेकवायचा आहे. तरी टाका जाड वाटला तर लोकरीचे पदर वेगळे करून चारातले दोन-तीनच घ्या.

तुम्ही पुढे असंही लिहिलंय की त्याच ओळीत एक टाका मोठा ढगळ झालाय. त्याला काही शिवायचं नाही. बोथट सुईच्या टोकाने त्या टाक्याचा एक पाय किंचित कमी करा, ती जास्तीची लोकर शेजारच्या टाक्यात जाते, तिथून पुढच्यात, असं दोन्ही बाजूंना पाच-सहा टाके वाटत जा. मग ओलं करून वाळवा. शोधूनही सापडणार नाही.

प्रश्न: पुढच्या भागावर दोन वेण्या आहेत, सहा टाक्यांच्या. उजव्या वेणीत एका ठिकाणी पीळ उलट्या बाजूला गेला. झोपच उडाली आहे. सगळा पुढचा भाग उसवायचा का?

नाही, अजिबात उसवू नका. हे काम घाबरवणारं आहे पण मी ते केलंय आणि एकदा केलं की विणकामाकडे बघायची नजरच बदलते.

लक्षात घ्या, वेणीत (केबलमध्ये) पीळ फक्त एका ओळीत पडतो, ज्या ओळीत तुम्ही तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे किंवा मागे ठेवले ती ओळ. बाकीच्या ओळी साध्याच असतात. म्हणजे चूक फक्त सहा टाक्यांची आहे. त्या पिळाच्या ओळीच्या लगेच खालच्या ओळीतल्या सहा टाक्यांतून बारीक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घ्या, लगेच वरच्या ओळीतल्या सहांतूनही. हे दोन दोरे म्हणजे तुमचा आधार, काहीही झालं तरी टाके त्याच्या पलीकडे जात नाहीत. मग पिळाच्या ओळीतल्या सहापैकी मधल्या टाक्याचा धागा कापा. हो, कापा. दोन्ही टोकं बोथट सुईने सोडवत तीन-तीन टाके बाहेरच्या बाजूला न्या आणि तिथे थांबा. खाली सहा मोकळे फासे राहतात, वर सहा. गंमत म्हणजे पिळाची ओळ निघाली की खालचे फासे आपोआप सरळ रांगेत येतात.

आता खालच्यांपैकी तीन योग्य बाजूला ओलांडून सुईवर घ्या, दुसऱ्या वेणीकडे बघत बघत घ्या, पुन्हा तेच चुकायला नको. वरचे सहा दुसऱ्या सुईवर. आणि चाळीसएक सेंटीमीटर नव्या लोकरीने दोन्ही जोडा, याला ग्राफ्टिंग म्हणतात, सुईने नवीन ओळ विणल्यासारखंच आहे. सुरुवातीला पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात ओवलेली सुई उलटसारखी (उलट विणताना घालतो तशी) घालून टाका सुईवर तसाच ठेवा, मागच्या सुईवरच्या पहिल्यात सुलटसारखी घालून ठेवा. त्यानंतर हाच घोष: पुढच्या सुईवर सुलटसारखी घालून टाका सुईवरून उतरवा, त्याच सुईवरच्या त्यानंतरच्या टाक्यात उलटसारखी घालून ठेवा. मागच्या सुईवर उलटसारखी घालून उतरवा, त्याच्या नंतरच्यात सुलटसारखी घालून ठेवा. मी अजूनही हे तोंडाने पुटपुटतच करते, मध्ये कोणी बोललं तर हात उचलून थांबवते. धागा सैल ठेवा आणि शेवटी टाका टाका ओढून बाकीच्यांच्या मापात आणा.

कापलेली टोकं आखूड राहतात, चार-पाच सेंटीमीटर फार तर. ती सुईत ओवून मग घालायला गेलात तर पुरणार नाहीत. उलटं करा, आधी रिकामी सुई मागच्या टाक्यांतून घाला आणि मग नेढ्यात टोक ओवून ओढा.

एक मात्र सांगते. हे रात्री दिव्याखाली करू नका. गडद निळ्या स्वेटरवर संध्याकाळी घाईने बसले होते आणि मी एक ओळ वरचा धागा कापला, बारा टाके जोडत बसावं लागलं. तेव्हापासून गडद लोकर असेल तर मांडीवर पांढरा कपडा आणि खिडकीशेजारीच. आणि तुमची चुकलेली वेणी पाठीवर किंवा काखेजवळ असती तर मी तुम्हाला राहू द्या म्हणाले असते, पण छातीसमोर आहे तर करा.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, पहिलाच स्वेटर. बाह्या 5 सेंटीमीटर लांब झाल्या. मनगटाकडून वर विणल्यात. बॉर्डरचं टोक ओढून उसवायला गेले तर उसवतच नाही!

उसवणार नाहीच, तू काही चुकीचं करत नाहीयेस. विणकाम जिथे संपतं त्या टोकाकडून सरसर उसवतं, जिथे टाके घातले त्या टोकाकडून नाही, तिथून प्रत्येक टाक्यातून धागा ओढून काढावा लागतो. म्हणून मधूनच तोडायचं.

बाहीची शिवण खालून दहा-बारा सेंटीमीटर सोडव. मग तुझ्या विणीत 10 सेंटीमीटरला किती ओळी बसतात ते मोज, समज 28 बसत असतील तर 5 सेंटीमीटर म्हणजे 14 ओळी. बॉर्डर जिथे संपते तिथून 14 ओळी वर मोज आणि त्याच्या लगेच वरच्या ओळीत मध्यावर एक टाका काप. बोथट सुईने धागा टाक्याटाक्यातून सोडवत एका कडेपर्यंत जा, मग दुसऱ्या, आणि वरच्या भागाचे फासे मोकळे होतील तसे लगेच बारीक सुईवर घेत चल. खालचा तुकडा वेगळा होतो, तो आता वरून छान उसवतो आणि त्याच लोकरीत नवीन बॉर्डर होते.

दोन गोष्टींनी गोंधळशील म्हणून आधीच सांगते. एक, फासे मोजल्यावर एक कमी भरेल, कारण उलट्या दिशेने घेतल्यावर टाक्यांच्या मधल्या जागा हातात येतात. काही सुटलेलं नाही, कडेचा अर्धा फासा उचल नाहीतर एक टाका वाढव. दुसरं म्हणजे वर बाही रुंद असते, त्यामुळे बॉर्डरच्या पहिल्या ओळीत जोडटाके घेत मूळ बॉर्डरच्या संख्येपर्यंत ये. उलट दिशेने विणताना टाके अर्ध्या टाक्याने सरकतात, पण साध्या विणीखाली एक सुलट एक उलट बॉर्डर आली तर ते कोणालाही दिसत नाही. वेण्यांची बाही असती तर दिसलं असतं.

उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणलीस तर टाके वेडेवाकडे येतील. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, पिळू नको, टॉवेलात दाबून टांगून वाळव.

प्रश्न: गळा डोक्यातून जात नाही. टाके बंद करताना घट्ट झाले असावेत.

गळा शेवटी केला असेल तर ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. टोक शोधून बंद केलेली ओळ तेवढी उसवा, टाके सुईवर घ्या, आणि बंद करताना उजव्या हातात एक-दोन मापं जाड सुई वापरा. त्याहून लवचिक हवं तर दोन टाके मागच्या पायांतून एकत्र सुलट विणा, तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर सरकवा, पुन्हा त्याच्यासकट दोन एकत्र. कडा ताणते आणि परत जागेवर येते.

प्रश्न: पुढून उघड्या स्वेटरचे दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे झाले. दोन्हीला मुंढा डावीकडेच आहे. काही युक्ती?

सगळ्या ओळी सुलट अशी वीण असेल तर युक्ती लागतच नाही, ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, एक भाग पालथा करा की झालं. साध्या सुलट-उलट विणीत मात्र एक भाग परत विणावा लागेल, तिथे मी खोटी आशा दाखवणार नाही. लोकर शिल्लक असेल तर आधी नवीन भाग विणा आणि मग चुकलेला उसवा. शिल्लक लोकर वेगळ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेली असेल तर तसं करू नका, रंगात फरक पडला तर तो अख्ख्या पुढच्या बाजूवर दिसेल. अशा वेळी चुकलेलाच भाग उसवून, लोकर वर सांगितलंय तशी धुवून, तीच परत वापरा.

प्रश्न: अ‍ॅक्रिलिकची जॅकेट बाळासाठी केली, कडा गोल गुंडाळतायत. वाफ देऊन सपाट करू का?

जपून. खरी लोकर पाण्याने नाहीतर वाफेने सैलावते आणि पिना लावून ठेवली तशी वाळते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच, जास्त उष्णता लागली की ते वितळल्यासारखं लुळं पडतं, आणि तो फुगीरपणा परत येत नाही. इस्त्री तर टेकवूच नका. पण मुळात साधी वीण गुंडाळतेच, तो विणीचा स्वभाव आहे, तुमची चूक नाही. कडेचे टाके उचलून सहा-आठ ओळी सगळ्या सुलट विणून पट्टी काढा, कडा सपाट बसेल आणि बटणांना जागाही होईल.

प्रश्न: नवीन गुंडा जोडला तिथे भोक दिसतं, आणि धाग्याची टोकं सारखी बाहेर येतात.

दोन्हीचं मूळ एकच, टोकं आखूड कापली गेलीत किंवा चुकीच्या बाजूला नेलीत. टोकं पुन्हा मोकळी करा, भोकाच्या जागी एकमेकांना एकदा ओलांडा, म्हणजे उजवीकडचं डावीकडे आणि डावीकडचं उजवीकडे, तेवढ्याने भोक मिटतं. मग मागच्या बाजूला प्रत्येक टोक पाच-सात सेंटीमीटर न्या आणि वळून थोडं परत आणा, गुळगुळीत धागा असेल तर आणखी लांब. आणि लगेच कापू नका. एकदा स्वेटर धुवून वाळू द्या, ताणून बघा, मग एक बोटभर टोक ठेवून कापा.