ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये गटारासारखा वास येतो, टाकी रिकामी करूनही जात नाही. नेमकं कुठे शोधावं?

तुम्ही लिहिलंय की वापरलेला ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, मुक्कामी पोचून दार उघडलं की गटाराचा भपकारा येतो आणि ब्लॅक टँक, म्हणजे टॉयलेटची टाकी, धुऊन, त्यात औषध ओतूनही फरक पडत नाही. आम्ही टेक्ससच्या उन्हाळ्यात ट्रेलर घेऊन फिरतो, त्यामुळे हा त्रास चांगलाच ठाऊक आहे. औषधाच्या आणखी बाटल्या आणू नका. टाकीत घाण असणारच, ती त्यासाठीच आहे. तिथली हवा आत कुठल्या वाटेने येते, ते शोधायचंय.

वास प्रवासानंतर येतो, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट. सिंक आणि शॉवरखालच्या पी-ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपच्या वाकड्या भागात, थोडं पाणी अडून राहतं आणि तेच वास अडवतं. रस्त्यात ट्रेलर हिंदकळला की ते सांडून टाकीत जातं. नुसता महिनाभर उभा राहिला तरी आटतं. शॉवरचा ट्रॅप जागेअभावी बऱ्याचदा उथळ असतो, म्हणून संशय आधी त्याच्यावर घ्यायचा. पोचल्याबरोबर प्रत्येक मोरीत दोन पेले पाणी ओता, खिडक्या उघडा आणि थोडा वेळ थांबा. वास गेला आणि परत आला नाही, तर वाट सापडली. दर मुक्कामी हे नको असेल तर ट्रॅपच्या जागी हेपव्हो नावाचा पाण्याविना चालणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्यातला लवचीक पडदा पाणी खाली सोडतो, हवा वर येऊ देत नाही.

तरीही वास राहिला, तर टॉयलेट बघा. रात्री भांड्यात इंचभर पाणी ठेवा. सकाळी ते नाहीसं झालं असेल तर रबरी सील गळतंय. त्यावर क्षार किंवा कागद अडकलेला असू शकतो. नीट पुसून बघा, नाहीतर सील बदला. शिवाय छतावरचा पंखा चालू ठेवून फ्लश करू नका. पंखा बाहेर फेकतो तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, आणि त्या क्षणी टाकीचं तोंड उघडं असतं. आधी पंखा बंद, मग फ्लश.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते स्वयंपाकाच्या सिंकखालच्या छोट्या प्लास्टिकच्या झडपेकडे. उभ्या पाइपच्या टोकावर बसवलेली ही झडप हवा फक्त आत घेते. ती उघडी अडकली की ग्रे टँकची, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीची, हवा थेट कपाटात. कपाट रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी उघडून आत हुंगा. वास तिथे कोंडलेला असेल तर झडप बदला. स्वस्त असते आणि बहुतेक ठिकाणी हाताने फिरवून निघते. मग छतावर चढून टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपात गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, आणि पाइप छताच्या वरपर्यंत पोचलाय ना, हेही पाहा. आखूड पाइप वायू छताच्या पोकळीत सोडतो.

कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची नळी जोडलेली असली तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घाण तळाशी वाळून बसते.

गरम पाण्याचा नळ सोडल्यावरच सडक्या अंड्यांचा वास आला, तर तो गटाराचा नाही. वॉटर हीटरमधले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. हीटर बंद करून, पाणी गार झाल्यावर आणि दाब सोडल्यावर तो रिकामा करा. मग पाण्याच्या टाकीत दर १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध नसलेलं ब्लीच घालून हीटर आणि सगळ्या नळांपर्यंत खेळवा, १२ तास ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा.

पण नळ बंद असताना तसा वास आला तर हुंगत बसू नका. ट्रेलरमध्ये वापरायच्या प्रोपेन गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंधी मिसळलेली असते. कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना बाहेर काढा, सिलिंडर बंद करा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा डिटेक्टर जमिनीलगत असतो. जुन्या ट्रेलरमध्ये त्याची मुदत संपलेली असू शकते, मागची तारीख आजच बघा. लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज झाली तरी असाच वास येतो, पण ते गळती नाही याची खात्री झाल्यावरच तपासा.

मोऱ्यांत पाणी ओतल्यावर काय झालं ते खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.