आधी गळती शोधू द्या, पाना नंतर

तुमचा सोळा वर्षांचा मुलगा वीस वर्षं जुन्या गाडीची ऑइलगळती स्वतः काढतो म्हणतोय. मेकॅनिकने इंजिन उतरवावं लागेल असं सांगितलंय, आणि त्याला करू द्यावं का असं तुम्ही विचारलंय. जरूर करू द्या. फक्त पहिले काही दिवस दोघांनीही पान्याला हात लावू नका.

ऑइल जिथून ठिबकतं तिथूनच गळत असेल असं नाही. ते वरून ओघळतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं आणि शेवटी चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या, कडेवरून थेंब पडतो. माझ्या पहिल्या गाडीचं मी असंच खालचं बघून चेंबरचं पॅकिंग (जोडातून ऑइल गळू न देणारी पट्टी) बदललं. दोन रविवार गेले, गळती तशीच. दोष वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमध्ये होता.

म्हणून आधी इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि ब्रशने स्वच्छ करायला लावा. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), वायरिंगचे जोड आणि इंजिनात हवा शिरते ते तोंड प्लास्टिकने झाका, जोराचा फवारा नको. मग गाडी थोडी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधू द्या. रात्री खाली पुठ्ठा टाका, त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करा, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळतं. रंगही बघा: तपकिरी-काळं इंजिन ऑइल, लाल बहुधा ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं, हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. एवढं त्याने स्वतः शोधलं की निम्मं काम शिकला म्हणा.

गळती टॅपेट कव्हरची निघाली तर पहिल्या कामाला उत्तम. जुनं पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे नकोत, प्लास्टिकची पट्टी वापरा. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने, थोडेथोडे आवळायचे. बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मुलं इथे जोर लावतात आणि पॅकिंग चेपतं किंवा आटे जातात. सिलिकॉन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांतच, तेही थेंबभर. जास्तीचं आत गळून चेंबरमधल्या जाळीत अडकलं तर इंजिनला ऑइल मिळत नाही.

त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा वायू काढून घेणारी झडप, जरूर बघा. तो चोंदला की इंजिनच्या आत दाब साठतो आणि तो दाब कमकुवत सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. नवं पॅकिंग लावूनही महिन्याभरात पुन्हा गळतं, त्यात हे कारण मी अनेकदा पाहिलंय.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून गळत असेल तर मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीची कडी) असू शकतं. त्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम त्याला देऊ नका. पण वरून ओघळलेलं ऑइलही तिथेच जमा होतं, म्हणून धुतल्याशिवाय मेकॅनिकचं म्हणणं पक्कं धरू नका.

खाली शिरायचं झालं तर सपाट जमीन, हँडब्रेक, चाकांना ठोकळे आणि गाडीचं वजन जॅकवर नाही, जॅक-स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिनिटभरही नाही. जळक्या ऑइलचा वास येत असेल किंवा सायलेन्सरच्या पाइपवर ऑइल दिसत असेल तर आग लागू शकते, ती गळती थांबेपर्यंत गाडी काढू नका.

डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) मात्र आजच बघायला सांगा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर आधी ऑइल भरा, वरच्या खुणेपुढे नको, आणि मग पुठ्ठा टाका.