वाचकांचे प्रश्न : मातीचा बांध, सांडव्यातली फळी आणि बोट

प्रश्न : आमच्या मालकीचा साडेचार मीटर उंचीचा मातीचा बांध आहे. सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, सहा मीटर रुंद आहे. पाणी उतरलं की काठाशी बोट चिखलात रुतते. सांडव्याच्या तोंडाशी ३० सेंटीमीटरची फळी बसवली, तर तेवढा साठा वाढेल. बांधाचा माथा सांडव्याच्या तळापासून ९० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे जागा भरपूर आहे. चालेल ना?

उत्तर : नाही. ती ९० सेंटीमीटर जागा रिकामी दिसते, पण तिचा वापर आधीच ठरलेला असतो. साधारण ६० सेंटीमीटर पुराचं पाणी सांडव्यातून वाहण्यासाठी, आणि वरचे ३० लाटांसाठी व भराव बसण्यासाठी.

हिशेब करून बघा. रुंद, सपाट सांडव्यातून जाणारं पाणी म्हणजे १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या खोलीचा दीड घात (मीटरमध्ये). ६० सेंटीमीटर खोलीला सहा मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे ४.७ घनमीटर पाणी जातं. फळी बसवल्यावर त्याच पातळीला फळीवरून वाहायला उरतात ३० सेंटीमीटर, आणि तेवढ्यातून जातं जेमतेम १.७ घनमीटर. खोली निम्मी झाली, पण निचरा जवळजवळ एक तृतीयांशावर आला. पूर तर तेवढाच येणार. तो पुरता जायचा तर फळीवर ६० सेंटीमीटर पाणी चढावं लागेल, म्हणजे पाणी थेट माथ्याला टेकेल. मग एखादी लाटही पुरते. माथ्यावरून पाणी गेलं की कोरड्या बाजूची माती खालून वर ओरखडत जाते, आणि एकदा घळ माथ्याला भिडली की बांध वाचवायला वेळ राहत नाही.

‘पूर आला की फळी काढू’ हा युक्तिवाद आम्ही मानत नाही. पूर रात्री येतो, फळीवर पाण्याचा दाब असतो, खाचेत पालापाचोळा अडकलेला असतो, आणि त्या वेळी सांडव्यात उभं राहणं हाच अपघात असतो. हवाईतल्या काउआई बेटावरचं का लोको हे खासगी मालकीचं मातीचं धरण १४ मार्च २००६ रोजी फुटलं आणि सात माणसं गेली. त्याचा सांडवा भराव टाकून बुजवला गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता.

मासे पळू नयेत म्हणून सांडव्यात लावलेली बारीक जाळी म्हणजे फळीच समजा, कारण पहिल्या जोराच्या पावसात ती पाल्याने बुजते. सांडव्यावर पायपूल हवा असेल तर मधे खांब नकोत, आणि पुलाची खालची कड पुराच्या पातळीच्या वर हवी.

बोटीसाठी सोपा मार्ग म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का : बंद पिंपांवर फळ्या आणि काठाशी बिजागरीचा उतार. गाळ काढायचा तर तलावाच्या वरच्या टोकाकडून काढा. बांधाच्या पायथ्याजवळ मुळीच खणू नका. तिथला चिकणमातीचा थर फाटला की पाणी बांधाखालून वाट काढतं.

जाता जाता माथाही मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून दर पाच मीटरवर पातळी घ्या. मधोमध भराव सर्वांत उंच असतो, म्हणून तिथेच तो जास्त बसतो. कडेला ९० सेंटीमीटर आणि मध्यभागी ७० निघाले, तर तुमचा बांध ७० चाच आहे. पाणी सरासरी बघत नाही.

प्रश्न : बांधावर बसायला सावली हवी. झाडं लावली तर मुळं माती धरून ठेवतील ना?

उत्तर : डोंगरउतारावर धरतील. बांधावर मात्र मुळं ओलीच्या मागे आत जातात, आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाची पोकळी उरते. ती पाण्याला तयार नळी असते. वादळात झाड उन्मळलं तर माथ्याचा लचका जातो तो वेगळाच. बांधावर फक्त आखूड, दाट गवत ठेवा. झाडं पायथ्यापासून सात-आठ मीटर दूर लावा.

आधीच वाढलेलं मोठं झाड नुसतं कापून ठेवू नका. पाणी उतरवून, मुळासकट खोदून काढून, खड्डा १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी ओलसर माती ठोकत भरायचा. मनगटाएवढी रोपं मात्र लगेच कापून टाका, वाट बघू नका.

घुशी, साळिंदर, खेकडे यांची बिळं दिसली तर नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही. नऊ भाग माती आणि एक भाग सिमेंट पाण्यात पातळ कालवून, बिळात उभा पाइप खुपसून त्यातून ओतत राहा. आतली पोकळी भरली की पाइपमधली पातळी खाली जायची थांबते. माणसांच्या पायवाटाही तशाच बघा : उतारावरून रोज उतरलं की घळ पडते, म्हणून खाली जायचं तर बांधाच्या टोकाशी, मूळ जमिनीवर पायऱ्या करा.

प्रश्न : बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी कायम ओल आहे आणि एका जागी पाणी वाहतं. बाहेरून चिकणमाती किंवा सिमेंटचा थर देऊन ते बंद करू का?

उत्तर : कृपा करून करू नका. वाट बंद केली की पाणी आतच साचतं, बांधातली ओलीची रेषा वर चढते आणि भिजलेला उतार घसरतो. प्रत्येक मातीचा बांध थोडा झिरपतोच. झिरपा आहे की नाही यापेक्षा तो बदलतोय का, हे विचारा.

पाणी एका छोट्या पाइपमध्ये गोळा करा आणि दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. वीस सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर. जास्त पाणी असेल तर पत्र्यात ९० अंशांची, V आकाराची खाच कापून बसवा : खाचेच्या खालच्या टोकापासून, थोडं मागच्या बाजूला मोजलेली पाण्याची उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, १० असेल तर सुमारे साडेचार लिटर. वहीत तारीख, तलावाची पातळी, त्या दिवसाचा पाऊस आणि झिरपा असे चार रकाने पुरे. तलाव भरल्यावर झिरपा वाढणं साहजिक आहे. तलावाची पातळी तीच आणि झिरपा वाढतोय, ही धोक्याची खूण आहे.

त्याहून मोठी खूण म्हणजे गढूळपणा. काचेच्या बरणीत पाणी घेऊन रात्रभर ठेवा. तळाशी रेती किंवा गाळाचा थर बसला, तर बांधाची माती आतून वाहून जातेय. पाणी सोडायच्या पाइपाशेजारून येणारा झिरपा सर्वांत वाईट, कारण पाइपाच्या पोटाखाली माती नीट ठोकता येत नाही आणि सांधा गळला तर पाणी थेट भरावात सुटतं. कोलोराडोतलं लॉन लेक हे लहान खासगी मातीचं धरण १५ जुलै १९८२ रोजी असंच फुटलं. पाइप आणि झडप यांच्या सांध्यातलं शिसं निकामी झालं होतं. तीन माणसं मेली.

पाणी गढूळ दिसलं तर आधी खालच्या अंगाला राहणाऱ्यांना आणि प्रशासनाला कळवा, मग पातळी उतरवायला लागा. गळतीच्या तोंडावर आधी स्वच्छ जाडी रेती, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड असे थर द्या. प्रत्येक थर निदान १५ सेंटीमीटर. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. मातीवर थेट धोंडे टाकले तर फटींतून माती जातच राहते. तलावाच्या बाजूला पाण्यात भोवरा दिसला, तर मात्र रेती-खडीच्या मागे लागू नका. सगळ्यांना लांब काढा.

प्रश्न : पोहायला बांधाजवळची खोल जागा बरी वाटते. फक्त पाणी सोडायचा पाइप तिथेच आहे. तो सहसा बंद असतो.

उत्तर : ‘सहसा’ हा शब्दच आम्हाला खटकतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली तीन मीटरवर आहे आणि तो सुरू आहे असं धरा. ते तोंड अंगाने झाकलं गेलं, तर अंगावर सुमारे २१० किलोचा भार येतो. वर पृष्ठभागावर पाणी शांतच दिसतं, आणि दोन धडधाकट माणसांनाही अडकलेल्याला ओढून काढता येत नाही. तोंडावर सपाट जाळी नको, चारी बाजूंनी आणि वरून पाणी घेणारा मोठा पिंजरा हवा, म्हणजे एक बाजू झाकली तरी उरलेल्या बाजूंनी पाणी जातं. झडपेला कुलूप लावा, किल्ली एकाकडेच ठेवा आणि पाणी सुरू असताना पोहणं बंद.

पोहायची जागा बांधापासून आणि सांडव्यापासून दूर, मंद उताराच्या मूळ काठावर निवडा. छातीएवढ्या पाण्याशी तरंगते गोळे ओवलेला दोर ताणा. त्यापलीकडे तळ अचानक खोल जातो, आणि ओल्या चिकणमातीवरून वर चढता येत नाही. काठावर १५ ते २० मीटर दोर बांधलेलं टायर आणि लांब बांबू ठेवा. कुणी बुडत असेल तर त्याच्याकडे टायर किंवा बांबू जाऊ द्या, पाण्यात उडी मारू नका. बोटीत लाइफ जॅकेट अंगात हवं, पायाशी ठेवलेलं चालणार नाही. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली असेल, किंवा जोराच्या पावसानंतर पाणी गढूळ असेल, तर पोहू नका आणि जनावरांनाही पाजू नका.

प्रश्न : काठाची दुरुस्ती करायला तलाव दोन दिवसांत रिकामा करायचा आहे. पाइप पूर्ण उघडू का?

उत्तर : नको. पाण्याचा आधार झपाट्याने गेला, तरी बांधाच्या आतली माती भिजलेलीच राहते, आणि पाण्याकडचा उतार स्वतःच्याच वजनाने खाली सरकतो. चिकणमातीच्या बांधाला दिवसाला १५ सेंटीमीटर पुरे, फार तर ३०. तीन मीटर पाणी असेल तर किमान दहा दिवस धरा, वीस धरले तर उत्तम. रोज माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग पडलीय का ते बघा. भेग दिसली की झडप बंद करा, भेगेत पाऊस जाऊ नये म्हणून ती झाका आणि अभियंत्याला बोलवा.