दोन ऑगस्टचं ग्रहण: कासला जायचं की जतला?

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाबद्दल दवाखान्यात येणाऱ्या प्रश्नांमागे दोनच गैरसमज आहेत. एक, उंचावर गेलं की ग्रहण चांगलं दिसतं. दोन, ढग असले की डोळ्यांना धोका नाही. दोन्ही चूक आहेत आणि दुसरा जास्त महागात पडणारा आहे. म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : सहा मिनिटं सगळीकडे अंधार होणार, असा मेसेज फिरतोय. आपल्याकडे किती वाजता होईल? (कोरेगाव)

होणार नाही. ६ मिनिटं २३ सेकंदांची खग्रास, म्हणजे सूर्य पूर्ण झाकण्याची, अवस्था इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास आहे. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास, म्हणजे अर्धवट, दुपारी उशिरा, सूर्य पश्चिमेला कललेला असताना. ग्रहण-चष्म्याशिवाय बघता येईल असा एकही क्षण सातारा-सांगलीत येणार नाही. गावानुसार वेळा पंचांगात बघा, मेसेजमध्ये नको.

प्रश्न : कासजवळच्या एका रिसॉर्टचं 'ग्रहण पॅकेज' आहे, चष्म्यासकट. घ्यावं का? (पुणे, मूळ गाव वाई)

घेऊ नका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कास, ठोसेघर, महाबळेश्वर धुक्यात आणि पावसात असतात, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. ढग आले तर पैसे परत मिळतील का, ते लेखी मागून बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. आभाळ उघडं मिळायची शक्यता कुठे जास्त, हे त्यातच आलं. दहिवडी, म्हसवड, कवठेमहांकाळ, जत, जिथे नातेवाईक असतील तिथे जा. सकाळी हवामान खात्याचं उपग्रहचित्र बघून मगच गाडी काढा. डोंगर चढायची गरज नाही, कारण त्या वेळी सूर्य क्षितिजापासून बराच वर असेल. पश्चिमेकडे झाडं-इमारती नसलेलं शाळेचं पटांगण किंवा घराची गच्ची पुरते. गच्चीला कठडा मात्र हवा. चष्मा लावला की सूर्याशिवाय काही दिसत नाही, पायाखालचंही नाही.

प्रश्न : सांगलीत आयर्विन पुलावरून बघितलं तर? (सांगली)

नको. ऑगस्टातली कृष्णा आणि वर बघत उभी राहिलेली गर्दी, दोन्ही एकत्र नकोत.

प्रश्न : ढगाआडून सूर्य चंद्रासारखा मऊ दिसतो. तेव्हा साध्या डोळ्यांनी बघितलं तर चालतं ना? (इस्लामपूर)

नाही चालत, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच आहे. कडक उन्हात सूर्याकडे कुणी टक लावून बघू शकत नाही. डोळे दिपतात, मान आपोआप वळते. पातळ ढग ही सवयच बंद पाडतो. डोळ्यांना त्रास वाटत नाही, म्हणून माणूस बघत राहतो आणि तेवढ्यात ढग सरकतो. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, नेमक्या मधल्या बिंदूवर, सूर्याची प्रतिमा पडत राहते. तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. इजा होताना काही म्हणजे काही कळत नाही. मुख्य इजा होते ती प्रकाशातल्या निळ्या भागामुळे होणाऱ्या रासायनिक बदलांनी, नुसत्या उष्णतेने नव्हे. त्यामुळे 'ऊन लागत नव्हतं' याला अर्थ नाही. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग जास्त नितळ असतं, निळा प्रकाश जास्त आत जातो. मागच्या एका ग्रहणानंतर एक शाळकरी मुलगा आला होता, बऱ्याच दिवसांनी. फळ्यावर बाईंनी लिहिलेल्या शब्दातलं मधलंच अक्षर त्याला दिसत नव्हतं. कडेची दोन्ही दिसत होती. घरच्यांनी तोवर गुलाबपाणी घातलं, मग मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब. यावर खात्रीचं औषध नाही. बऱ्याच जणांची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींच्या डोळ्यात डाग कायमचा राहतो. पण किती इजा आहे हे दृष्टिपटलाचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र) केल्यावर कळतं, थेंब घालून नाही. तेव्हा ढग असोत, नसोत, सूर्याकडे बघायचं ते चष्म्यातूनच. आणि ग्रहणानंतर दुसऱ्या दिवशी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. रेघ वाकडी दिसली, मधे डाग आला, की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : २०१९ चा चष्मा आहे. एक्स-रेची फिल्म, वेल्डिंगची काच, हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब? (मिरज, विटा)

फिल्म नाही. वेल्डिंगची काच बारा ते चौदा नंबरचीच. गॅरेजमध्ये पडलेली बहुधा त्याहून फिकी असते. पाणी निदान दोन टक्के प्रकाश परत फेकतं. चांगला ग्रहण-चष्मा एक लाखातले जेमतेम तीन भाग आत सोडतो. फरक तुम्हीच बघा. चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ असं, म्हणजे ग्रहण-चष्म्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा नंबर, छापलेलं असावं, पण छापणं कुणालाही जमतं. लावून घरात बघा: ट्यूबलाइट, खिडकी, काहीही दिसलं तर फेकून द्या. जुन्यावर ओरखडा किंवा चुणी असेल तरी फेका. आणि तो लावून दुर्बिणीतून अजिबात बघू नका. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लागतो.

प्रश्न : सोमवार आहे, शाळा भरणार. दीडशे मुलांना चष्मे कुठून आणू? (एक शिक्षिका, तासगाव)

आणू नका. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवा, मधे पाच-सहा मिलिमीटरचं भोक ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत दहा मीटरवर असेल, तर सूर्य नऊ सेंटिमीटरचा दिसतो, खाल्लेल्या कडेसकट. आरशात मात्र कुणी डोकावू नये. पटांगणात चाळणी धरा. प्रत्येक भोकाखाली जमिनीवर एकेक कोर उमटेल.

प्रश्न : सून गरोदर आहे. दिव्याची अवस, त्यात सोमवती आणि ग्रहण. पाणीही प्यायचं नाही का? (खटाव)

पाणी प्यावं, जेवावं. गर्भावर ग्रहणाचा परिणाम होत नाही, उपाशी राहण्याचा होतो. शंका असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिने ग्रहण बघावं का? (कऱ्हाड)

ज्यांनी केलं त्यांना विचारा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले असतील त्या दिवशी तर मुळीच नाही.

प्रश्न : हीलियमचा शोध विजयदुर्गावर लागला म्हणतात. तिथेच जावं का? (सातारा)

हीलियमच्या शोधाशी नाव जोडलेले इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर १८६८ साली विजयदुर्गावर नव्हते; सूर्याच्या वर्णपटातली हीलियमची पिवळी रेषा त्यांनी इंग्लंडमधूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ प्रा. नायगमवाला करमाळ्याकडच्या जेऊरला होते. नकाशावर विजयदुर्ग ते जेऊर रेघ ओढा, ती कऱ्हाडजवळून जाते, म्हणजे तेव्हाचा खग्रास पट्टा आपल्याच भागातून गेला. पण तो जानेवारी होता. ऑगस्टात कोकण किनारा नको.

प्रश्न : या वेळी ढगांनी घात केला तर पुन्हा कधी? (जत)

२१ मे २०३१. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती (सूर्याची बांगडीसारखी कडा दिसते), आपल्याकडे खंडग्रास. १३ नोव्हेंबर २०३२ ला दुपारी बुध सूर्यबिंबावरून जाईल आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस नसतो. तो ठिपका इतका लहान की फिल्टर लावलेली दुर्बीणच लागते, म्हणून ती हाताळणाऱ्या जाणत्या माणसाबरोबरच बघा.