मुले बालगृहात का येतात, हे शोधू पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांस

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातून आपण पाठवलेले सविस्तर पत्र मिळाले. आपण यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचे काम पाहता, आपल्या पत्नी घरी विड्या वळतात आणि आपली मोठी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र शिकते आहे. तिला समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करून, मुलांना घर सोडून शासनाच्या देखरेखीखाली का जावे लागते या विषयावर पुढे संशोधन करायचे आहे, तर तिने बी.एड. करून शाळेत लागावे अशी आपली इच्छा आहे. या कामात पोट भरेल का, रोजचे एवढे दुःख तिला झेपेल का, आणि जायचेच असेल तर आधी संशोधन करावे की आधी नोकरी, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

तिने आधी प्रत्यक्ष काम करावे, निदान दोन वर्षे, आणि मगच संशोधनाकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी हे काम कसे चालते ते आधी सांगितले पाहिजे. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. रेल्वे स्थानकावर एकटे सापडलेले, टाकून दिलेले, मारहाणीला कंटाळून पळालेले किंवा सांभाळायला कोणी न उरलेले मूल, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत या समितीपुढे हजर करावे लागते. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता किंवा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरी जाऊन 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतो आणि साधारणपणे चार महिन्यांच्या आत समिती अंतिम आदेश काढते. मूल आईकडे परत जाणार, मामाकडे राहणार, की अठराव्या वर्षापर्यंत बालगृहात वाढणार, हे बहुतांशी त्या चार-सहा पानांच्या अहवालावर ठरते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानावा, असे हा कायदा स्वतःच सांगतो. पण आधीचे पर्याय कोणीतरी दारोदार जाऊन शोधले असतील तरच समितीपुढे येतात.

मी स्वतः शिकत असताना क्षेत्रकार्यासाठी एका संस्थेत जात होतो. तिथल्या नोंदवहीत प्रवेशाचे कारण लिहिण्याचा एक रकाना होता आणि त्यात पानामागून पान एकच वाक्य होते: ‘पालक सांभाळ करण्यास असमर्थ’. अक्षर बदलत होते, शाई बदलत होती, वाक्य मात्र तेच. त्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या घरी मला पाठवण्यात आले. त्याचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते, मूल आजीजवळ होते, आणि आजी दवाखान्यात दाखल झाल्यावर ते सोलापूरच्या गाडीत बसून निघून आले होते. शेजारच्या बाईने मला त्याचे दप्तर दाखवले. ते तिने धान्याच्या कणगीवर नीट झाकून ठेवले होते, ‘पोरगं आल्यावर लागंल’ म्हणून. त्या मुलाला सांभाळणारी माणसे होती. त्याला गाळप हंगामाचे पाच महिने एक जेवणाचे ताट आणि रात्रीचे छप्पर हवे होते. ज्याने ते वाक्य लिहिले तो दुष्ट नव्हता. त्याच्याकडे त्या आठवड्यात बरीच मुले होती आणि घरी जायला वेळ नव्हता.

आता विचार करा, आपली मुलगी उद्या संशोधक म्हणून आली आणि तिने दहा वर्षांच्या नोंदवह्या गोळा करून कारणांची टक्केवारी काढली, तर तिच्या तक्त्यात ‘पालक असमर्थ’ हा सर्वांत मोठा गट दिसेल आणि तो गट खोटा असेल. ज्याने स्वतः असे रकाने भरले आहेत, घाईत भरले आहेत आणि एखादा चुकीचाही भरला आहे, त्यालाच त्या आकड्याला कोणता प्रश्न विचारायचा हे कळते.

या विषयातले चांगले संशोधन किती दूरवर पोहोचते हेही सांगतो, म्हणजे मी तिला संशोधनापासून परावृत्त करतो आहे असे आपल्याला वाटणार नाही. इंग्लंडमध्ये पॉल बायवॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या राहत्या वस्तीचा विचार करून आकडे तपासले, तेव्हा सर्वांत गरीब दहा टक्के वस्त्यांतील मूल शासनाच्या देखरेखीखाली जाण्याची शक्यता सर्वांत सधन दहा टक्के वस्त्यांतील मुलाच्या दहापटीहून अधिक असल्याचे आढळले. घराघरांतला बेजबाबदारपणा म्हणून जे नोंदले जात होते, त्याच्या मुळाशी वस्तीची गरिबीही होती. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतील 136 लहानग्यांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे मूल तात्पुरते सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरांत, ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा लावण्याची क्षमता अधिक वाढली, विशेषतः जी दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांची. संस्थेपेक्षा कुटुंब बरे, हे सर्वांना वाटत होतेच. या अभ्यासाने उशिराची किंमत किती मोठी असते ते दाखवून दिले. आपल्या राज्यात बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे दरमहा 2,250 रुपये देण्याची तरतूद आहे. ही रक्कम वेळेवर मिळाली तर किती मुले घरीच राहतात, हा प्रश्न सोलापूरसारख्या जिल्ह्यात कोणीतरी चिकाटीने अभ्यासला पाहिजे, आणि तो अभ्यास आपल्या मुलीने करावा असे मला मनापासून वाटते.

सोलापूर या विषयाला नवे नाही. 1875 साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू केला. नवरंगे बालकाश्रम म्हणून आजही तो ओळखला जातो. त्याच जिल्ह्यात, आपल्या शहरात, ‘सेटलमेंट’ म्हणताच ज्या वस्तीकडे आपण बोट दाखवतो, तिथे इंग्रजी अमदानीत ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडले होते, आणि त्यासाठीच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या 1897 च्या दुरुस्तीने अशा जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. एकीकडे करुणेपोटी आणि दुसरीकडे संशयापोटी, पण दोन्ही ठिकाणी मूल घराबाहेर काढण्याचा निर्णय दुसऱ्याच कोणाचा होता. तिच्या अभ्यासाची पहिली पाने इथूनच सुरू होऊ शकतात.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. बी.एस.डब्ल्यू. नसले तरी समाजशास्त्राच्या पदवीवर एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश मिळतो. सोलापुरात वालचंद महाविद्यालयात, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत ही सोय आहे, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूरचे केंद्र आपल्यापासून अवघ्या 45 किलोमीटरवर आहे. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. आठवड्यात क्षेत्रकार्याचे दिवस किती, आणि विद्यार्थ्याने लिहिलेला अहवाल शिक्षक ओळीओळीने वाचतात का, एवढे विचारा. पुढे समाजकार्य याच विषयात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते. त्यातून संशोधनासाठी पाठ्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ची वर्षे आपल्यावर भार न पडता निघतील.

पोटापाण्याबद्दल मी आपल्याला फसवणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील बरीच पदे कंत्राटी असतात, मानधन शिक्षकाच्या कायम पगाराच्या जवळपासही जात नाही, आणि करार वाढेल की नाही याची काळजी दरवर्षी असते. महिला व बाल विकास विभागातील परिविक्षा अधिकाऱ्यासारखी कायम पदे स्पर्धा परीक्षेतून भरली जातात, पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत तिच्याकडून घरखर्चाची अपेक्षा धरू नये, आणि तिनेही नेट व स्पर्धा परीक्षा या दोन्हींचा अभ्यास त्याच काळात चालू ठेवावा. हे जमण्यासारखे नसेल, धाकट्या भावंडांच्या फीचा प्रश्न आजच दारात उभा असेल, तर तसे तिच्याशी मोकळेपणाने बोला. बी.एड. हा निर्णय त्या परिस्थितीत कमीपणाचा नाही.

तिच्या हळव्या स्वभावाची आपल्याला भीती वाटते. या कामात हळवी माणसे टिकत नाहीत असे मी पाहिलेले नाही; एकट्याने सोसणारी टिकत नाहीत. जिथे वरिष्ठ आठवड्यातून एकदा समोर बसवून प्रत्येक मुलाविषयी बोलतात, तिथेच तिने नोकरी धरावी. आणि एक पथ्य तिला आत्तापासून लावा: कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, त्यामुळे घरी आल्यावर तिने नाव-गाव सांगितले नाही तर तो दुरावा समजू नका. वर मीही त्या मुलाच्या तालुक्याचे नाव घेतलेले नाही.

आपल्या पत्रातली एक गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे: मुलगी घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि कॉलेजात मराठी बोलते. सोलापुरात घरभेटीला गेलेल्या कार्यकर्त्याला त्या घरची भाषा येत नसेल, तर सुपातल्या विड्यांवरून नजर न उचलता आजी ‘हो, हो’ म्हणते आणि अहवालात ‘नातेवाईक अनुत्सुक’ असे लिहिले जाते. आपल्या मुलीसमोर ती आजी बोलेल.

परीक्षा संपल्यावर तिला सुट्टीत एखाद्या बालगृहात किंवा खुल्या निवारागृहात अधीक्षकांची लेखी परवानगी घेऊन महिनाभर मुलांचा अभ्यास घ्यायला पाठवा. प्रश्न विचारायचे नाहीत, कहाण्या गोळा करायच्या नाहीत. फक्त गणित आणि वाचन शिकवायचे. महिना संपल्यावर आपण दोघे मला भेटायला या, आणि येताना तिने रोज रात्री लिहिलेली वही सोबत आणा.

आपला,
करिअर मार्गदर्शक